८८ टक्के, साठीची यादी आणि संख्याशास्त्र: एका प्रवेशाचा अभ्यास

विद्यार्थिनी परळची. राज्य मंडळाची बारावी विज्ञान, निकाल जून २०२२चा, ८८ टक्के, गणितात त्याहून बरेच वर. वडील बेस्टमध्ये कंडक्टर, आई घरी शिवणकाम करते, धाकटा भाऊ तेव्हा आठवीत होता. तिला मी अकरावी-बारावीत गणित शिकवलं, त्यातली बरीचशी शिकवणी मोबाइलच्या पडद्यावरून झाली. तिचं आणि कॉलेजचं नाव इथे देत नाही.

प्रश्न एकाच कॉलेजातल्या दोन पदव्यांचा होता. एक विनाअनुदानित बीएस्सी आयटी. दुसरी अनुदानित साधी बीएस्सी, जिच्यात तिला गणित आणि संख्याशास्त्र घ्यायचं होतं. आदल्या वर्षी आयटीची पहिली यादी नव्वदीच्या आसपास थांबली होती आणि साध्या बीएस्सीची साठीत. पोरीचा ओढा संख्याशास्त्राकडे होता. घरात कोणाचाच त्याला ठाम विरोध नव्हता, फक्त मामा अडून बसले होते. ते डोंबिवलीला राहतात, स्वतः आयटी कंपनीत आहेत आणि बहिणीच्या मुलांच्या शिक्षणात मनापासून लक्ष घालतात. त्यांचं म्हणणं एका वाक्यात होतं: "मॅडम, एवढे मार्क पाडून ही साठवाल्या पोरांबरोबर बसणार? मार्क वाया नाही का जाणार?"

हे वाक्य मी दर जूनमध्ये ऐकते. ते बोलणारी माणसं मुलांचं वाईट चिंतणारी नसतात. पैसे बेताचे, घरात पदवीपर्यंत पोचलेलं माणूस एखादं, आणि हातात माहिती म्हणून एकच आकडा. तोच आकडा मग बाजारभावासारखा वाचला जातो. जास्त टक्क्यांना बंद झालं ते भारी, कमी टक्क्यांना बंद झालं ते हलकं. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडते आहे.

हातातली यादी कुठल्या वर्षाची होती

मामांनी मोबाइलवर जपून ठेवलेली यादी २०२१ची होती. त्या वर्षी बारावीची लेखी परीक्षाच झाली नव्हती. दहावीच्या गुणांना ३० टक्के, अकरावीला ३० आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाला ४० टक्के वजन देऊन निकाल तयार झाला आणि राज्याचा निकाल लागला ९९.६३ टक्के. त्याआधी २०२० साली तो ९०.६६ होता आणि तिच्या वर्षी, म्हणजे परीक्षा पुन्हा वर्गात बसून झाली तेव्हा, ९४.२२. तिच्या तुकडीचा अभ्यासक्रमही २५ टक्के कमी केलेला होता.

आता विचार करा. २०२० ते २०२१ या एका वर्षात बीएस्सी आयटीचा अभ्यासक्रम तोच होता, शिकवणारे बहुतेक तेच, प्रयोगशाळा तर बंदच. तरी मुंबईतल्या कितीतरी कॉलेजांच्या याद्या वर चढल्या, कारण वरच्या टक्केवारीची मुलं एकदम वाढली. पदवीत काही बदललं नव्हतं. बदलली होती बारावीचे गुण देण्याची रीत. त्याच वर्षी दिल्ली विद्यापीठात श्रीराम कॉलेजच्या बीकॉम ऑनर्सची पहिली यादी १०० टक्क्यांवर गेली आणि पुढच्याच वर्षी तिथे बारावीच्या टक्क्यांऐवजी सीयूईटी ही प्रवेश परीक्षा आली. पदवी तीच राहिली, मोजपट्टी बदलली.

मामांना हे पटलं. "म्हणजे ही यादी धरूच नये?" त्यांनी विचारलं. धरावी, पण प्रवेश मिळेल की नाही याचा अंदाज घेण्यापुरती. त्या कामासाठीसुद्धा एका वर्षाची यादी पुरत नाही, निदान तीन-चार वर्षांच्या लागतात.

आकडा तयार कसा होतो

यादीच्या तळाशी छापलेला आकडा म्हणजे शेवटच्या जागेवर नाव लागलेल्या मुलाचे टक्के. तो ठरतो दोन गोष्टींवरून, जागा किती आणि त्या मागणारे किती. म्हाडाच्या सोडतीत एका घरामागे किती अर्ज आले यावरून त्या घराच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते का, हे कळत नाही. तसंच हे आहे.

आयटीची तुकडी एकच, ६० जणांची. त्यात त्याच कॉलेजच्या ज्युनिअर विभागातून आलेल्या मुलांना आधी प्राधान्य, व्यवस्थापनाच्या जागा वेगळ्या, आरक्षित प्रवर्गांच्या वेगळ्या. अल्पसंख्याक दर्जाचं कॉलेज असेल तर निम्म्या जागा त्या समाजाच्या मुलांसाठी. बाहेरून येणाऱ्या खुल्या प्रवर्गाच्या मुलाला उरतात बोटांवर मोजण्याइतक्या जागा. पहिल्या यादीतला जो आकडा व्हॉट्सअॅपवर फिरतो, तो बहुधा याच उरलेल्या जागांचा असतो.

त्यात एक मूल एका वेळी सात-आठ कॉलेजांत अर्ज करतं. वरच्या टक्केवारीची तीच तीच नावं सगळ्यांच्या पहिल्या यादीत लागतात, म्हणून पहिली यादी फुगलेली दिसते. ही मुलं एकेका ठिकाणी फी भरतात, बाकीच्या जागा सुटतात आणि दुसरी-तिसरी यादी खाली येते. शिवाय २०२२ साली सीबीएसईचा बारावीचा निकाल लागला २२ जुलैला. तोवर मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत याद्या लागून प्रवेश सुरूही झाले होते. कुठल्या मंडळाची मुलं रांगेत कधी आली, यावरही आकडा हलतो.

साध्या बीएस्सीचं गणित उलटं. तिथे जागा जास्त आणि मागणारे कमी. ज्यांना विज्ञानात गती आहे त्यांतले पुष्कळ जण अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राच्या वाटेवर असतात. काही जण बीएस्सीला फक्त जागा धरून ठेवतात आणि सीईटीच्या फेऱ्या संपल्या की निघून जातात. त्या वर्षी एमएचटी-सीईटीचा निकाल १५ सप्टेंबरला लागला. त्यानंतर तिच्या वर्गातले बाक रिकामे होत गेले. साठीचा आकडा हा असा अभियांत्रिकीच्या सावलीत पडलेला आकडा आहे.

आणि या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला मुद्दा असा: तो साठीचा आकडा संख्याशास्त्राचा नव्हताच. तेव्हाच्या पद्धतीत पहिल्या वर्षाच्या बीएस्सीला सगळे एकाच दारातून आत यायचे. पहिल्या वर्षी तीन विषय, मग ते कमी होत होत तिसऱ्या वर्षी बहुतेकांचा एकच मुख्य विषय उरायचा. कोणाला कुठला विषय मिळणार हे कॉलेजातल्या गुणांवर आणि त्या विभागाच्या क्षमतेवर ठरायचं. म्हणजे रसायनशास्त्राला जाणारा, वनस्पतिशास्त्राला जाणारा, नोव्हेंबरमध्ये अभियांत्रिकीला निघून जाणारा आणि संख्याशास्त्र पुरं करणारा, या सगळ्यांवर एकच आकडा. त्यावरून संख्याशास्त्राच्या पदवीबद्दल काही ठरवायचं, तर ते कशाच्या आधारावर?

मार्क वाया जातात का

मामांच्या शब्दांत दम होता, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं होतं. बारावीचे ८८ टक्के पुढे कुठे कुठे लागतात, ते आम्ही तिघांनी कागदावर लिहून काढलं.

पदवीच्या प्रवेशाला लागतात. काही कंपन्या आणि काही व्यवस्थापन संस्था दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही ठिकाणी ६० टक्क्यांची अट घालतात, तिथे ८८ चालतात आणि साठ-बासष्टही चालतात. बास. एमएस्सीला पदवीचे गुण किंवा त्यांची स्वतःची परीक्षा. आयआयटीतल्या एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा, तिची प्रश्नपत्रिका निराळी. एमसीए या संगणकाच्या पदव्युत्तर पदवीला सीईटी. केंद्र सरकारच्या भारतीय सांख्यिकी सेवेसाठी यूपीएससीची परीक्षा. यांतल्या कुठेही बारावीला तुमच्याहून कमी गुण असलेली मुलं तुमच्या वर्गात किती होती, हे कोणी विचारत नाही.

गुण हे दुकानात नेऊन मोडायचे पैसे नव्हेत, हे मी त्यांना सांगितलं. आयटी घेतलं तरी ते ८८ तिथेच राहणार, संख्याशास्त्र घेतलं तरी तिथेच. खर्च होणार आहेत ती तिची तीन वर्षं. त्यांचा हिशेब मांडायला हवा.

दोन पदव्या समोरासमोर

आयटीबद्दल आधी बोलते, कारण ती वाईट पदवी आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. प्रोग्रामिंग, डेटाबेस, नेटवर्क, वेब, सॉफ्टवेअर कसं बांधायचं याचे विषय तिथे पद्धतशीर असतात. तीन वर्षांत हाताला काम शिकवते आणि ऐरोली, अंधेरी, पवईच्या कंपन्यांत नोकरीचं दार लवकर उघडते. ज्या घराला पगार लवकर हवा आहे, त्या घराने ती घेतली तर मी आनंदाने फॉर्म भरून देईन. गणित-संख्याशास्त्राचे एक-दोन पेपरही त्यात असतात, पण ते पुरवणीसारखे.

संख्याशास्त्रात संभाव्यता, नमुना निवड, अनुमान, प्रयोगांची रचना, समाश्रयण (रिग्रेशन) असे विषय थरावर थर चढत जातात. कोरडे वाटतात, पण औषधाची चाचणी, विम्याचा हप्ता, पिकाचा अंदाज, बँकेच्या कर्जाची जोखीम, सगळं त्यावर उभं आहे. आपल्या मातीतलं उदाहरण हवं तर साताऱ्याच्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे. शेतीच्या सर्वेक्षणात नमुना कसा निवडावा यावर त्यांनी मूलभूत काम केलं आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचं काम पाहिलं. पोरीला हे नाव माहीत नव्हतं. ती घरी जाऊन वाचत बसली.

मग दारांचा प्रश्न. भारतीय सांख्यिकी सेवेच्या परीक्षेला बसायचं तर पदवीला किंवा पदव्युत्तरला संख्याशास्त्र विषय असावा लागतो. देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, तिथे जैवसांख्यिकीचा अभ्यासक्रम आहे. परळहून बसने जाता येईल इतक्या अंतरावर. कलिन्याला विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग. फोर्टात रिझर्व्ह बँकेचं मुख्यालय, तिच्या सांख्यिकी विभागाच्या अधिकारी पदांसाठी या विषयाची पदव्युत्तर पदवी मागतात. विम्यातली जोखीम मोजणाऱ्या अॅक्च्युअरीच्या परीक्षांना अमुकच पदवी हवी असं नसतं, पण तिथले सुरुवातीचे पेपर संख्याशास्त्राच्या मुलांना ओळखीचे वाटतात. आणि संख्याशास्त्रानंतर आयटीकडे वळावंसं वाटलं, तर बारावीला गणित असलेल्या बीएस्सीवाल्यांना एमसीए खुलं आहे. उलट दिशेने, आयटीवरून संख्याशास्त्राच्या एमएस्सीला जाणं बरंच अवघड.

हा असमतोल त्या दोन आकड्यांत कुठेच दिसत नव्हता. उलट जास्त दारं उघडी ठेवणारी पदवी खालच्या आकड्याची होती.

फीचा फरकही लहान नव्हता. अनुदानित तुकडीची वर्षाची फी काही हजारांत, विनाअनुदानित आयटीची तिच्या कित्येक पट. कारण सरळ आहे: अनुदानित शिक्षकाचा पगार शासन देतं, विनाअनुदानित अभ्यासक्रमाचा खर्च मुलांच्या फीतून निघतो. म्हणूनच तिथे तासिकेवर येणारे शिक्षक जास्त असतात. त्यांच्यातही जीव ओतून शिकवणारे मी पाहिलेत, पण तीन कॉलेजांत धावणाऱ्या माणसाला तास संपल्यावर मुलांची शंका सोडवायला थांबता येत नाही. भरतीच रखडल्यामुळे अनुदानित विभागांतही जागा रिकाम्या पडतात, म्हणून तिथेही नुसत्या 'अनुदानित' या शब्दावर विसंबू नये. आम्ही चौकशी केली. संख्याशास्त्र विभागात कायम शिक्षक होते आणि एक बाई तर वीसेक वर्षांपासून तोच विषय शिकवत होत्या.

जी माहिती कोणी उघडून पाहत नाही

पदवीची किंमत पाहायची तर ती घेऊन बाहेर पडलेल्यांचं काय झालं, हे पाहावं. ही माहिती मिळत नाही असं सगळे धरून चालतात. नॅक या कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेकडून मूल्यांकन झालेल्या कॉलेजांना दरवर्षी एक गुणवत्ता अहवाल द्यावा लागतो. कॉलेजच्या संकेतस्थळावर 'आयक्यूएसी' नावाच्या कोपऱ्यात तो एक्यूएआर या नावाने पडलेला असतो. त्यातल्या पाचव्या निकषात विद्यार्थ्यांची पुढची वाटचाल विचारलेली आहे: किती जणांना नोकरी लागली, किती जण पुढच्या शिक्षणाला गेले, राष्ट्रीय पातळीच्या परीक्षा किती जण उत्तीर्ण झाले. बऱ्याच कॉलेजांत त्याला जोडलेले तक्तेही असतात, कुठल्या विभागाचा विद्यार्थी कुठल्या संस्थेत गेला ते सांगणारे.

आम्ही तो अहवाल पोरीच्या मोबाइलवर उघडला. मामा शेजारी बसून वाचत होते. आयटीच्या रांगेत नोकऱ्या जास्त होत्या, बहुतेक सॉफ्टवेअर आणि ग्राहकसेवेच्या. संख्याशास्त्राची मुलं मोजकी, पण त्यांतली बरीच कलिना आणि इतर विद्यापीठांत एमएस्सीला गेलेली. दोन पदव्या दोन वेगवेगळ्या कामांच्या आहेत, हे त्या तक्त्यात कोणालाही वाचता येईल इतकं स्पष्ट होतं. यादीच्या आकड्याने त्यांना एका शिडीच्या वरच्या-खालच्या पायऱ्या बनवून ठेवलं होतं.

माझा राग इथे आहे. कॉलेजं पाच-पाच वर्षांच्या प्रवेश याद्या पहिल्या पानावर लावतात आणि मुलांचं पुढे काय झालं ते सातव्या टिचकीनंतर सापडणाऱ्या पीडीएफमध्ये ठेवतात. परळच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने ते शोधावं कसं?

मामांचं काय बरोबर होतं

तरी त्यांच्या म्हणण्यात दोन गोष्टी खऱ्या होत्या आणि त्या मी झाकून ठेवल्या नाहीत.

पहिली, वर्गातल्या सोबतीची. उंच यादीतून आलेल्या वर्गात बहुतेकांची तयारी सारखी असते, शिकवणं वेगाने पुढे जातं, मुलं एकमेकांना ओढतात. साठीच्या वर्गात तफावत मोठी असते आणि पहिल्या वर्षी शिक्षकाला मधल्या मुलाकडे बघून शिकवावं लागतं. पोरीने हा त्रास पहिली दोन सत्रं सोसला. दुसरी, कंपन्यांची. त्या अभ्यासक्रम बघण्याआधी कॉलेजचं नाव बघतात, आणि नाव पुष्कळदा याद्यांनीच मोठं झालेलं असतं. आकडा पदवीची किंमत सांगत नाही, पण ज्यांच्या हातात नोकऱ्या आहेत ते तसं मानतात, आणि त्यांच्या मानण्याचा परिणाम मुलांच्या पगारावर होतो. इथे मात्र दोन्ही पदव्या एकाच कॉलेजच्या असल्याने नाव दोन्हीकडे तेच राहणार होतं.

निर्णय आणि पुढे

तिने साध्या बीएस्सीला फी भरली. आयटीच्या दुसऱ्या यादीतही तिचं नाव लागलं होतं, त्यावर ती गेली नाही. निर्णय तिचा होता. आईने शेवटी एवढंच विचारलं, "हिला ते तीन वर्षं आवडेल ना, मॅडम?" मला तो सगळ्यांत शहाणा प्रश्न वाटला, कारण न आवडणाऱ्या विषयात चांगल्या गुणांची मुलंही दुसऱ्या वर्षी कोसळताना मी पाहिली आहेत.

तिसऱ्या वर्षापर्यंत वर्ग लहान झाला. पहिल्या वर्षीच्या गर्दीतून संख्याशास्त्राला उरलेली मुलं खरोखर त्या विषयासाठी थांबलेली होती आणि शिकवण्याचा वेगही वाढला. साठीच्या दारातून आलेला एक मुलगा तिच्या बरोबरीने अनुमानाच्या पेपरात वर राहिला. २०२५मध्ये तिची पदवी पूर्ण झाली. आता ती कलिन्याला एमएस्सी करते आणि सांख्यिकी सेवेच्या परीक्षेची तयारी चालू आहे. तिच्या शाळेतली मैत्रीण आयटीला गेली, तिला पदवीनंतर लगेच ऐरोलीत नोकरी लागली आणि घराला हातभार लागला. एका मुलीच्या वाटचालीवरून कुठली पदवी सरस ते ठरत नाही, आणि तसं ठरवण्याची मला गरजही वाटत नाही.

एक गाठ मात्र सुटायची राहिली. तिच्या तिसऱ्या वर्षी कॉलेजात कंपन्या आल्या तेव्हा सूचना फक्त आयटीच्या फलकावर लागली. डेटाच्या कामासाठी माणसं हवी होती, तरी संख्याशास्त्राच्या मुलांना कळवलंच नाही. चौकशी केली तर उत्तर आलं की कंपन्यांना बोलावण्याचा खर्च विनाअनुदानित विभाग करतो. तिने वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन प्राचार्यांना अर्ज दिला. मामांनी त्याचा मसुदा तपासून दिला आणि कंपनी आपल्या बाजूने पात्रतेची अट कशी लिहिते, तेही समजावलं. पुढच्या तुकडीपासून सूचना दोन्ही फलकांवर लागू लागली आहे. त्यातून संख्याशास्त्राच्या किती जणांना घेतलं, ते कॉलेजच्या यंदाच्या अहवालात पाचव्या निकषाखाली यायला हवं, आणि तो लागला की मी तो आकडा माझ्या बारावीच्या वर्गात दाखवणार आहे.